वरणातली मगर

१६ जून २०२५

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, ब्लडप्रेशर वाढलंय, ओरडणं बंद करा. मी विचारलं, मग करू काय? म्हणाला, "लिख लिया करो, दादा. जो बोलना है लिख डालो." शकु होती तोवर मी तिच्यावर ओरडायचो, ती मला चार शब्द सुनवायची आणि दोघं चहा प्यायचो. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता या वहीवर ओरडायचं आहे.

तर आजचं ओरडणं. नातीला, वैभवीला, पुन्हा रक्त चढवलं. सहा वर्षांची पोर, पण आमच्या वस्तीच्या, कांचघरच्या बाजारात चार दुकानं चालली की कडेवर घ्या म्हणते. ओठ पांढरे, डोळे पिवळट. जन्मापासून हेच. रक्त चढवलं की चार दिवस उड्या मारते, मग पुन्हा उतरत जाते. डॉक्टर बदलले, दवाखाने बदलले, आजाराला अजून धड नाव नाही.

माझ्या मते आजार बिजार काही नाही. आजार डब्यात आहे. सून दीपा टेलिफोनच्या ऑफिसात, मुलगा अंबरीश रेल्वेत. सकाळी पोरीच्या डब्यात काय, तर सँडविच. शकुने अंबरीशला हे असलं खायला घातलं असतं तर तोही असाच पांढरा फटक झाला असता. मी अंबरीशला हे सांगितलं तर म्हणतो, "बाबा, जाऊ द्या न." हा मुलगा जन्मभर जाऊ द्या म्हणूनच जगणार आहे.

२ जुलै

नाव मिळालं. एवढा राग आलाय की पेन कागदातून आरपार जाईल.

पोरीचं रक्त बाहेरगावी पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. डॉ. ज्योतींनी आम्हां तिघांना समोर बसवून समजावलं. बाई हुशार आहे, पण निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, आणि मधूनमधून "समझे न, अंकल जी?" मला ते समझे न ऐकलं की डोक्यात तिडीक जाते.

म्हणाल्या, आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते, तिथे लाल पेशी बनतात. कोवळी पेशी आपोआप लाल होत नाही, तिला हुकूम लागतात. आता हिमोग्लोबिन बनव. आता पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन बंद कर, मोठ्या माणसाचं सुरू कर. आता तुझं केंद्रक बाहेर टाक आणि रक्तात जा. हे हुकूम देणारी प्रथिनं डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात, कुठलं जनुक चालवायचं आणि कुठलं नाही ते ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. अडतीस वर्षं मी फॅक्टरीत काढली, ही एक राहून गेली होती.

या हुकूम देणाऱ्यांतला थोरला मुकादम गाटा-वन. तो पोरीत ठीक आहे. त्याच्या हाताखालचा केएलएफ-वन, तो बिघडलाय. मी म्हटलं, म्हणजे भट्टी पेटलेली, साचे मांडलेले, माणसं हजर, आणि शिफ्टचा मुकादमच अर्धा बहिरा? बाई खूश झाल्या. "बिलकुल, अंकल जी."

मी काही खूश झालो नाही. कारण पुढे म्हणाल्या, या मुकादमाच्या प्रत्येकाजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी धड असली तरी काम चालतं, माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. वैभवीच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. म्हणजे एक अंबरीशकडून आली.

मी उभाच राहिलो. म्हटलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझा बाप अमरावतीहून इथे आला तो खांद्यावर पोती वाहून. मी लोखंड ओतलं. अंबरीश शाळेत कबड्डी खेळायचा. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "दादा-दादी, नाना-नानी का भी सैंपल मिल जाए तो पता चलेगा कहाँ से आया." दीपाची आई बालाघाटहून येऊन सुई टोचून घ्यायला तयार आहे म्हणे. तिने द्यावं. मी देणार नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "और आयरन की गोली बिल्कुल नहीं. लोहा इसके शरीर में पहले ही बहुत है."

फिक्या पोरीत लोखंड जास्त! विझलेल्या भट्टीत लोखंडाचा रस जास्त म्हणण्यासारखं झालं हे.

३ जुलै

राग उतरला नाही. काल परत येताना रिक्षात दीपा मला सांगायला लागली, "बाबा, ते सकाळचं औषध आहे न, ते याच्यासाठीच..." मी म्हटलं, मला नको शिकवू. ती रिक्षाबाहेर बघत बसली. तिला उत्तर देता येत नाही असं नाही, देत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

आज दिवसभर विचार केला. डॉक्टर काय म्हणाल्या? गोळी नको. बरोबर आहे, दुकानातली गोळी पोटाला जाळते, आतडं खराब करते. पण अन्नातल्या लोखंडाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. माझी आई लोखंडी तव्याशिवाय भाकर टाकत नव्हती. आमच्यात कोण फिकं होतं?

दुपारी पोर माझ्याजवळच असते. शाळेतून आणायचं, वरणभात करून घालायचा, झोपवायचं. म्हणजे दुपार माझी आहे.

११ जुलै

महाराजपुरला नथ्थूकडे गेलो होतो. नथ्थू आमच्या फाउंड्रीतला साचेवाला, रिटायर झाल्यावर शेडमध्ये छोटी भट्टी लावून बसलाय. पाण्याच्या पंपाचे भाग ओततो. वैभूला सोबत नेलं.

म्हटलं, नथ्थू, एक लोखंडाचा तुकडा ओतून दे, वरणात उकळायचा आहे. भंगार नको, शिसं निघतं त्यातून. कोऱ्या पिगचं, म्हणजे कारखान्यातून आलेल्या कच्च्या लोखंडाच्या लादीचं पाहिजे.

नथ्थू म्हणाला, "ते ठीक आहे, रत्नाकरजी, पण डॉक्टरला विचारलं का?"

"तू काहून डॉक्टरकी करून राहिला? साचा कर."

मग त्याने वैभूला विचारलं, "काय बनवू, बेटा? मछली?" ती म्हणाली, "मगर. नर्मदाजी वाली." घाटावरच्या मूर्तीखाली देवीची मगर आहे, पोर येता-जाता तिच्या नाकाला हात लावते. नथ्थूने सागाच्या तुकड्यातून तळहाताएवढी मगर कोरली, शेपूट वळवलेली, अगदी नाकपुड्यांसकट. मग वाळूत दाबून साचा केला. रस पडताना मी पोरीला लांब धरून उभा होतो. तो नारिंगी रंग मी कितीतरी वर्षांनी पाहिला. छाती भरून आली, खोटं काहून लिहू?

परत येताना तिला सांगितलं, हे आपलं सीक्रेट. मम्मीला नाही सांगायचं. तिला सीक्रेट फार आवडतं.

१४ जुलै

मगर घासली, तासली, तीनदा उकळून पाणी फेकलं. मग तुरीच्या डाळीत टाकली. चिंच भरपूर, कारण आंबटात लोखंड चांगलं सुटतं, आणि वरून लिंबू. मंद आचेवर तासभर ठेवलं. वरण जरा काळपट झालं, पण गुळाने चव सांभाळली. पोरीने दोन वाट्या खाल्ल्या. दीपाच्या हातचं अर्धी वाटी खाते.

झोपताना मगर हातात घेऊन म्हणाली, "आबा, ये अब मेरे पेट में रहेगी?" म्हटलं, तिची ताकद राहील.

९ ऑगस्ट

काल दीपाला सुट्टी होती. कुकरमध्ये उरलेलं वरण पाहून म्हणाली, "बाबा, वरण काळं काहून दिसून राहिलं?"

"जुन्या कढईत फोडणी केली."

"आपल्याकडे जुनी कढई कुठे आहे?"

मी म्हटलं, दुपारचा स्वयंपाक मी करतो, तुला पसंत नसेल तर नोकरी सोड आणि तू कर. तिने वरण फेकलं नाही, पण खाल्लंही नाही. या घरात माझ्या हातच्या अन्नाची ही किंमत.

सकाळी मात्र रोजचा तमाशा असतो. पोर अर्धवट झोपेत, दीपा पेल्यात ती पांढरी गोळी विरघळवून तिच्या तोंडाला लावते, खडू कालवल्यासारखं पाणी. पोर किंचाळते, "मम्मी गंदी!" रोज. दीपा तिचं नाक धरून पाजते, तळाशी राहिलेलं पुन्हा पाण्यात खंगाळून तेही पाजते. मग स्वतः न खाता ऑफिसला पळते. पोरीला रडवल्याशिवाय या बाईचा दिवस सुरू होत नाही.

माझ्या वरणाला मात्र पोर ताट घेऊन बसते.

२० सप्टेंबर

आज आनंदाचा दिवस! वैभूच्या तपासणीचा रिपोर्ट मीच आणला. हिमोग्लोबिन तिथेच रखडलंय, ते रक्त चढवल्याचं असतं, त्याचा भरवसा नाही. पण खाली एक ओळ असते, फेरिटिन. जूनचा कागद काढून ताडून पाहिला. आकडा जवळजवळ दुप्पट झालाय. सहा वर्षांत या पोरीचा पहिल्यांदा कुठलातरी आकडा वर गेला.

मगरीला नारळ फोडावासा वाटला. शकु असती तर तिला सांगितलं असतं. नथ्थूला फोन केला, म्हटलं, तुझी मगर कामाला लागली. रिपोर्ट दीपाच्या टेबलावर ठेवला. मुद्दाम काही बोललो नाही. म्हटलं, बघू दे तिला.

२३ सप्टेंबर

डॉक्टरांनी अंबरीश आणि दीपाला बोलावलं होतं. परत आले ते भांडतच. मी अंबरीशचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता.

"दवा रोज देते का तू? सच बता."

"रोज देते."

"मग डॉक्टर काहून म्हणून राहिल्या की औषध पोटात जातच नाही? नालीत टाकते का, ती रडते म्हणून?"

मला खरं तर नीट कळलं नाही काय बिघडलंय, पण औषध नीट दिलं जात नाही एवढं कळलं. म्हटलं, मी पहिल्यापासून सांगून राहिलो, हिचं लक्ष घरात नाही. माझं दुपारचं वरण नसतं तर पोरीचे काय हाल झाले असते, देव जाणे.

दीपा आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१२ ऑक्टोबर

औषधाचा डोस वाढवला. आता सकाळी अंबरीश देतो, दीपाने हात लावायचा नाही असं ठरलं. कुणी ठरवलं? मीच म्हटलं, अंबरीशने मान डोलावली. दीपा स्वयंपाकघरात पाठ करून उभी असते.

पोरीला ते वाढीव औषध सोसत नाही. दोनदा उलटी केली. आणखी वाळली. मला वाटतं एक मगर पुरत नाही. नथ्थूला फोन केला. म्हणाला, "रत्नाकरजी, आता तरी डॉक्टरला विचारा." म्हटलं, विचारलं. खोटं बोललो, पण याला कुठे समजावत बसू?

१९ ऑक्टोबर

मगरीचं पिल्लू आलं. वैभूने दोघांना शेजारी झोपवलं. आता मायलेक दोघंही डाळीत असतात.

२८ नोव्हेंबर

आज अंबरीशला इन्स्पेक्शन होतं, म्हणून डॉ. ज्योतींकडे मी आणि दीपा गेलो, पोर मध्ये. नवा रिपोर्ट. फेरिटिन आणखी वर. मला वाटलं आता तरी बाई शाबासकी देतील. त्यांचं तोंड उतरलेलं.

"डोस बढ़ाया, पापा खुद दे रहे हैं, फिर भी बढ़ रहा है. ऐसे चला तो लिवर जाएगा, फिर दिल. और दवा अब और नहीं बढ़ा सकते, किडनी पर असर दिख रहा है." मग दीपाला म्हणाल्या, थेट, "आप पीछे से कुछ दे रही हैं क्या? कोई टॉनिक, कोई देसी चीज़?"

दीपा म्हणाली, "नहीं, मैडम."

मी विचारलं, "मैडम, ये फेरिटिन बढ़ना तो अच्छी बात है न?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अंकल जी, फेरिटिन मतलब शरीर में जमा लोहा. हर बार खून चढ़ता है तो लोहा जमा होता है. और इसका बीमार मैरो, वो हड्डी के अंदर की मज्जा, पेट को कहता रहता है, लोहा भेजो, लोहा भेजो, तो खाने में से भी ये दूसरों से ज़्यादा खींचती है. सुबह की दवा वही लोहा निकालने के लिए है."

पोर माझ्या मांडीवर बसून माझ्या घड्याळाशी खेळत होती.

मी मगरींचं नाव काढलं नाही. बाहेर आलो, रिक्षा केली, घरी आलो.

२९ नोव्हेंबर

दुपारी नुसती मुगाची खिचडी केली. पोर म्हणाली, "मगर?" म्हटलं, झोपलीय.

रागच येतोय, पण कुणावर ते ठरत नाही. डॉक्टरवर? तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, लोहा बहुत है. दीपावर? ती रिक्षात सांगत होती. नथ्थूवर? तो दोनदा म्हणाला, विचारा. सगळ्यांनी सांगितलं. कुणावर तरी चढवावा म्हणून शोधतोय आणि एकही माणूस सापडत नाही.

गप्प राहिलो तर? वरण बंद, आकडा आपोआप खाली येईल, डॉक्टर म्हणतील औषध लागू पडलं. कुणाला काही कळणार नाही. अंबरीश म्हणेल, पाहा, दीपा देत नव्हती तेव्हाचंच साठलेलं होतं. हा विचार मी केला. चांगला दोन तास केला.

१ डिसेंबर

संध्याकाळी दोघं ऑफिसातून आल्यावर पोरीला शेजारी खेळायला पाठवलं आणि दोन्ही मगरी टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं. चिंच, लिंबू, सगळं.

अंबरीश म्हणाला, "बाबा, तुमचा हेतू..."

"हेतू नको सांगू," दीपा म्हणाली. "तू मला विचारलं होतं, नालीत टाकते का." मग माझ्याकडे वळली. "कधीपासून?"

"जुलैपासून."

ती खुर्चीवर बसली. पर्स अजून खांद्यालाच होती. "पोरगी मला रोज गंदी म्हणते, बाबा. रोज सकाळी तिचं नाक दाबून मी ते लोखंड काढून राहिली होती. अन् दुपारी तुम्ही भरून राहिले होते."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं." तिने मोठी मगर हातात घेऊन पाहिली, शेपटीवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता फेकून मारेल. मी तयार होतो. ती म्हणाली, "हे तिच्यासमोर फेकू नका. तिला वाटेल तिनंच काहीतरी केलं. अन् तिला खोटंही सांगू नका. तुम्हीच सांगा, काय झालं ते."

उठताना म्हणाली, "उद्यापासून सकाळचं औषध तुम्ही द्यायचं. अंबरीश नाही, तुम्ही."

मी ओरडलो नाही. ओरडण्यासारखं तिने काही सोडलंच नव्हतं.

२ डिसेंबर

दवाखान्यात जाऊन डॉ. ज्योतींनाही सांगितलं. दीपाचं नाव साफ व्हावं म्हणून तिच्यासमोरच सांगितलं. बाईंनी डोस खाली आणला, तीन महिन्यांनी पाहू म्हणाल्या. मग मी बाही वर केली. म्हटलं, तो सैंपल घ्या माझा.

९ जानेवारी २०२६

माझा रिपोर्ट आला. अंबरीशची बिघडलेली प्रत माझ्याकडूनच आली आहे. डॉक्टर म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, तुमची दुसरी प्रत धड आहे, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. एकाहत्तर वर्षं तो अर्धा बहिरा मुकादम माझ्यात आरामात बसून होता आणि मी घराण्याच्या नावाने छाती पिटत होतो. दीपाने रिपोर्ट वाचला, घडी करून फाइलमध्ये ठेवला. तिच्या जागी मी असतो तर सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं असतं.

१८ जानेवारी

सकाळच्या औषधाची रोजची कसरत चालू आहे. गोळी पाण्यात हलवतो, गुठळी राहता कामा नये. पोर पहिले काही दिवस मला पाहून हसायची, आबा देतात म्हणजे काही गोड असेल. आता नाही हसत.

आज ती गोधडीत घुसली. "आबा, मगर वाला वरण क्यों नहीं बनाते? वो अच्छा था."

दीपा दारात उभी होती. मी सांगितलं. म्हटलं, बेटा, ती मगर मी चुकून टाकत होतो. तिच्यामुळे तुझ्या पोटात लोखंड जास्त झालं. हे औषध ते बाहेर काढतं.

ती उठून बसली. मग म्हणाली, "डाला आपने, और पीना मुझे?"

मी पेला पुढे धरला. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, चांगला दात उमटेपर्यंत, आणि ओरडली, "आबा गंदे!" मी दीपाकडे पाहिलं नाही. नाक धरलं, पाजलं. तळाशी पांढरं राहिलं होतं. त्यात पुन्हा थोडं पाणी घातलं, खंगाळलं आणि तेही पाजलं.